‘नो ग्रोथ’ म्हणजे जिवाणू नाहीत, असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातील रुग्णाच्या ब्लड कल्चरचा (रक्तातील जिवाणू बाटलीत वाढवून पाहण्याच्या चाचणीचा) अहवाल ‘नो ग्रोथ’, म्हणजे ‘वाढ नाही’, असा आला असूनही डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालूच ठेवले, हे औषध विनाकारण दिले गेले, अशी तक्रार एका वाचकाने गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात मांडली होती. त्या रुग्णाविषयी मला काही ठाऊक नाही. परंतु या तक्रारीमागचा समज मी तीस वर्षे वर्गात खोडत आलो आहे, म्हणून हे पत्र.

ब्लड कल्चरच्या बाटलीत पोषक द्रव असतो, जिवंत पेशी नसतात. चिगर माइट या गोचिडीसारख्या बारीक जीवाच्या चाव्यातून होणाऱ्या स्क्रब टायफस या तापाचा ओरिएन्शिया सुत्सुगामुशी किंवा ठिपक्यांच्या तापाचा रिकेट्सिया हे जिवाणू यजमानाच्या पेशीत शिरूनच वाढतात, त्यामुळे ते रक्तात असले तरी त्या बाटलीत उगवत नाहीत. शेळ्या-मेंढ्यांच्या वारेतून व गर्भजलातून माणसापर्यंत पोहोचणारा क्यू तापाचा कॉक्सिएला तर पेशीतील आम्लयुक्त पोकळीत सुखाने राहतो. त्याला पेशींविना वाढवणारे पोषक माध्यम २००९ मध्ये कुठे तयार झाले. सांगोला-मंगळवेढ्याकडे मेंढपाळी मोठी असल्याने या नावाची आपल्याकडे ओळख असलेली बरी. ओरिएन्शियासाठी मात्र आजही पेशीच लागतात. पूर्वी कोंबडीच्या अंड्याची पिवळ्या बलकाची पिशवी वापरत. आता आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून १९६२ मध्ये जपानमध्ये तयार झालेल्या व्हेरो पेशी किंवा उंदराच्या एल-९२९ पेशी वापरतात.

या कामात सवयच घात करते. एरवी पेशीसंवर्धनाच्या, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या, माध्यमात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविके घालण्याचा रिवाज असतो. आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने साल्मोनेला हा अन्नविषबाधेचा जिवाणू पेशीत शिरतो का, हे पाहण्यासाठी हेला या मानवी पेशींना तो जिवाणू दिला. दोन तासांनी त्याने बाहेर उरलेले जिवाणू जेंटामायसिनने मारले (हे औषध पेशीच्या आत सहजी जात नाही, म्हणूनच ते निवडतात), पेशी धुऊन सौम्य डिटर्जंटने फोडल्या आणि तो द्रव ताटलीतल्या अगार या जेलीसारख्या पोषक थरावर पसरला. दुसऱ्या दिवशी ताटली कोरी. ‘सर, हा वाण पेशीत शिरत नाही,’ असे त्याने वहीत लिहिले आणि मी त्याखाली सहीही केली. नंतर लक्षात आले की, संसर्गाच्या वेळी वापरलेले माध्यम नेहमीच्याच बाटलीतले, म्हणजे प्रतिजैविक घातलेले होते. जिवाणू दारातच मेले होते. कोऱ्या ताटलीवरून आम्ही काढलेला निष्कर्ष आणि ‘नो ग्रोथ’वरून त्या वाचकाने काढलेला निष्कर्ष यांत फारसा फरक नाही.

याचा अर्थ प्रत्येक तापाच्या रुग्णासाठी पेशीसंवर्धन करावे, असा मुळीच नाही. ओरिएन्शिया जिवंत वाढवायला जैवसुरक्षेची तिसरी, कडक पातळी पाळणारी प्रयोगशाळा लागते आणि वाढ दिसायला बरेच दिवस जातात. तोवर रुग्ण थांबू शकत नाही. एलायझा (रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी चाचणी), पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि चिगर माइट चावलेल्या जागची काळी खपली शोधणारी डॉक्टरांची नजर, यांवरच उपचार ठरतात. सेफ्ट्रिअॅक्झोन हे प्रतिजैविक या जिवाणूंवर चालत नाही, डॉक्सिसायक्लिन चालते. म्हणून संशय बळकट असेल तर अहवालाची वाट न पाहता ते सुरू करतात.

सोलापुरातील विज्ञान महाविद्यालयांनी मिळून एक छोटा पेशीसंवर्धन कक्ष उभारावा, असे मात्र मला वाटते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून पेशीवंश (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी) मिळू शकतात, आणि साल्मोनेलासारख्या तुलनेने सोप्या जिवाणूवर वर लिहिलेला प्रयोग विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने करता येईल. माध्यमाचा गुलाबी रंग रातोरात पिवळा पडला की काय बिघडले, हे फळ्यावरच्या आकृतीतून कळत नाही. अडचण यंत्रांपेक्षा देखभालीची आहे. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आणि अखंड वीज यांची सोय आधी करावी लागेल.

शहरातील पॅथॉलॉजी प्रयोगशाळांना एक विनंती आहे. ‘नो ग्रोथ’च्या खाली इंग्रजीत बारीक अक्षरांत बरेच काही छापलेले असते, तिथेच ‘पेशीच्या आत वाढणारे काही जिवाणू, उदा. स्क्रब टायफसचे, या चाचणीत दिसत नाहीत’ हे एक वाक्य ठळक मराठीत छापावे.

आपला,
एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्र शिक्षक, जुळे सोलापूर