बारा खंड मागवले, एक आला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : जेम्स फ्रेझर यांच्या 'द गोल्डन बाउ' या दैवतं-विधींवरच्या ग्रंथाच्या १२ खंडांऐवजी पाठवलेली संक्षिप्त प्रत

तुमच्या माणसाशी आज चौथ्यांदा फोनवर बोललो. पाचव्यांदा बोलणार नाही, म्हणून हे लेखी.

तुमच्या यादीत 'फ्रेझर, तिसरी आवृत्ती, मॅकमिलन, १२ खंड, कापडी बांधणी' असं स्पष्ट लिहिलंय. फोटोतही बारा खंड ओळीने उभे आहेत. ३८,००० रुपये त्यांचेच घेतलेत. खोक्यातून निघाली १९२२ची एकखंडी संक्षिप्त आवृत्ती, तीही परवा छापलेली, चकचकीत कव्हरची.

फरक तुम्हाला ठाऊक असणारच. पहिली आवृत्ती १८९०ची, दोन खंड. दुसरी १९००ची, तीन. तिसरी १९०६ ते १९१५, बारा. पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माबाहेरची जुनी, दैवतं आणि विधींचा अभ्यास करणारा तिसरीच शोधतो, कारण कुठली प्रथा फ्रेझरने कुठून उचलली ते तळटीपांतच सापडतं. बारावा खंड तर अख्खा संदर्भग्रंथांचा आणि सूचीचा. १९२२ मध्ये त्या तळटीपा गाळल्या. ख्रिस्ताच्या क्रुसावरील मृत्यूविषयीचं वादग्रस्त विवेचन तिसऱ्या आवृत्तीत 'द स्केपगोट' या खंडाच्या परिशिष्टात आहे. संक्षिप्त प्रतीत तेही नाही.

हे सगळं सांगितल्यावर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "सर, नाव तेच आहे ना?" हो. "लेखक तोच आहे ना?" हो. "मग पुस्तक तेच झालं." मी खंड मोजायला सांगितले. त्याने मला होल्डवर टाकलं, सात मिनिटं सनई ऐकवली आणि परत येऊन म्हणाला, "सर, बारा पुस्तकं एकात मिळाली, तुमचा फायदाच झाला की!" वर आपुलकीने विचारलं, "वशीकरणासाठी हवंय का? त्याच विभागात आहे ते." फ्रेझर केंब्रिजमध्ये बसून ग्रंथ चाळत होते हो, दाराला लिंबू-मिरची बांधत नव्हते.

सोबत मागवलेल्या 'अराडिया'चंही (लीलंडचं इटालियन चेटकविद्येवरचं पुस्तक) तेच. फोटो १८९९च्या लंडन प्रतीचा, हातात आलं यंत्राने वाचून छापलेलं पुस्तक. मुळात इटालियन मंत्र आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही आहेत. इथे इटालियन ओळींत स्वरचिन्हांच्या जागी आकडे पडलेत. छापण्याआधी एक पान तरी कुणी वाचलं होतं का?

'जुनी पुस्तकं परत घेत नाही' हा तुमचा नियम. आलेली पुस्तकं जुनी नाहीत, हीच तर तक्रार आहे! पुन्हा सांगतो : बारा खंडांचे पैसे घेतलेत, एक पाठवलाय.

दोन्ही पुस्तकं तुमच्या खर्चाने घेऊन जा आणि पूर्ण रक्कम परत करा. तो संच खरोखर तुमच्याकडे असेल तर प्रत्येक खंडाच्या शीर्षकपानाचा आणि त्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. आवृत्ती आणि छपाईचं वर्ष तिथेच असतं. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. नाहीतर खोकं, बिल आणि तुमच्या यादीचा स्क्रीनशॉट घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तिथे खंड मोजता येतात.

एक ग्राहक
(ऑर्डर क्रमांक ईमेलच्या विषयात दिला आहे, चारही वेळा तोच विचारला गेला.)