कपाळावरचा हात

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला चित्र कसं वाचावं हा लेख वाचला. लेख चांगला आहे, शाळेतल्या मास्तर लोकांच्या कामाचा आहे, पण वाचता वाचता मला आधी हसू आलं आणि मग डोकं गरम झालं. कारण ज्या पेपरात हे शहाणपण छापलं त्याच पेपरात दोन वर्षांआधी माझा फोटो आला होता. पहिल्या पानावर, तीन कॉलम, खाली ओळ, 'पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेला हताश बळीराजा'. आठवते का?

साहेब, मी पाऊस पाहत नव्हतो. धुऱ्यावरच्या खांबावर वायरमन चढला होता. आठ दिवस लाईन बंद, विहिरीत पाणी असून मोटर चालेना, पऱ्हाटी सुकून राहिली, तर हा बाबा तार जोडते का नुसता वर बसून खर्रा खाते ते मी पाहत होतो. ऊन डोळ्यावर येत होतं म्हणून हात कपाळावर. तुमच्या फोटोग्राफरनं खांब कापला, वायरमन कापला, हात तेवढा ठेवला.

लेखात पॅनॉफ्स्की या कलेच्या अभ्यासकाचं १९३९ चं टोपीचं उदाहरण दिलं आहे ना, रस्त्यात माणूस टोपी उचलते, डोळ्याला नुसती हालचाल दिसते, तो नमस्कार आहे हे ज्याला तिकडची रीत माहीत त्यालाच कळते. पटलं. पण माझ्या बाबतीत उलटं झालं राजेहो. तुम्हाला रीत माहीत होती तिथंच घात झाला, मराठीत कपाळाला हात म्हणजे माणूस बुडाला, एवढं माहीत असल्यावर विचारायचं कशाला!

पुढे क्रेस आणि व्हॅन लीउवेन या चित्रांच्या भाषेवर लिहिणाऱ्या दोघांचं आहे, की कॅमेरा वरून लावला की पाहणारा वरचढ आणि फोटोतला माणूस लहान वाटते. तुमचा माणूस माझ्याच बैलबंडीवर चढून उभा होता! वरून म्हणे, काका इकडे पाहू नका. लेख सांगते की फोटोतल्या माणसानं नजरेला नजर दिली तर तो पाहणाऱ्याला काहीतरी मागते. मागितलंच असतं, लाईन मागितली असती.

आणि ते फ्रेंच लेखक बार्थ, १९६४ मध्ये पास्त्याच्या जाहिरातीवरून त्यांनी सांगून ठेवलं की चित्राचे अर्थ पुष्कळ निघतात, सोबतची ओळ त्यातला एक पक्का करते. आमच्या भाषेत खुंट्याला बांधते. खुंटा तुमचा, बैल मी.

त्या दिवशी सकाळीच बहिणीचा रडत फोन, दादा जिवाचं काही करून घेऊ नको. पोराची सोयरीक वणीकडे जमत आली होती, त्या पाहुण्यांनीही पेपर पाहिला. आठ दिवसांनी निरोप आला, पोरगी अजून शिकते म्हणे. इकडे विहिरीला बारमाही पाणी, ३ एकर ओलीत, पण पहिल्या पानावर बाप हताश, कोण पोरगी देईल? तालुक्याच्या तुमच्या प्रतिनिधीकडे गेलो तर म्हणते, काका फोटो प्रतीकात्मक आहे. अहो माझ्या नावानं सातबारा आहे, मी प्रतीक कसा?

आता पुरवणीचं. रविवारची पुरवणी आमच्याकडे सोमवारी दुपारच्या एसटीनं येते, कधी येतच नाही, पैसे मात्र महिन्याला पूर्ण घेता. हा लेखही मला अर्धाच मिळाला असता, पानाचा खालचा कोपरा हॉटेलवाल्यानं आलुबोंडा बांधायला फाडला होता, शेजारच्याकडून मागून वाचला.

दुरुस्ती छापा असं म्हणत नाही, दोन वर्षांनी कोण वाचते. फक्त तो मूळ फोटो, न कापलेला, खांब आणि वायरमनसकट, तुमच्याकडे असेल तर पाठवा. पुढच्या महिन्यात दिग्रसचे पाहुणे येऊन राहिले, त्यांना दाखवायचा आहे.

आपला,
एक वर्गणीदार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(नाव छापू नये, सोयरिकीचं चालू आहे.)