माउसला हात न लावणाऱ्या भैयांना

प्रिय भैया,

वस्तीतली पोरं तुम्हाला भैया म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. वयाने तुम्ही माझ्या धाकट्या भावाएवढे. समोर बोलायला गेले की भरून येतं आणि 'बरं झालं हो' याच्यापुढे काही सुचत नाही. म्हणून लिहितेय, आणि उघड लिहितेय, कारण चार लोकांना हे कळायला हवं.

माझी मुलगी अकरावीत आहे. घरात मराठी, शाळा हिंदी माध्यमाची, इंग्रजीची धास्ती. तुमच्या रविवारच्या फुकट कॉम्प्युटर वर्गात येण्याआधी आम्ही तिला एका कॉम्प्युटर क्लासला घातलं होतं. ब्लाउज शिवून साठवलेले पैसे होते ते. फी सगळी आधीच घेतली आणि एकेका मशीनवर तीन-तीन मुलं बसवली. काही अडलं की तिथले सर तिच्या हातातून माउस ओढून घ्यायचे, दोन-चार क्लिक करायचे आणि म्हणायचे, 'हो गया, आगे चलो.' शेवटी रंगीत सर्टिफिकेट मिळालं. पोरीच्या डोक्यात मात्र एवढंच बसलं, की हे काम आपल्यासारख्यांचं नव्हे. पैसे गेले ते गेले. पण ती मान खाली घालायला शिकली, त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

इंदूरच्या आमच्या परदेशीपुऱ्यात आश्वासनं ऐकून लोकांचे कान किटलेत. हुकुमचंद मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर कितीतरी जण वारले होते. हाकेच्या अंतरावर इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्स आहे. वस्तीतल्या बायका तिथल्या ऑफिसांत झाडायला-पुसायला जातात. टेबलावरचा कॉम्प्युटर पुसायचा, त्यावर काय चालतं ते विचारायचं नाही, अशीच रीत. त्यामुळे कुणीतरी दर रविवारी येऊन फुकट शिकवणार म्हटल्यावर लोक एकमेकांकडे बघत राहिले, यात नवल नाही.

तुम्ही हॉल कसा मिळवलात, मशीनं कुठून आणलीत, त्यात मी जात नाही. विंडोज १० च्या फुकट अपडेटची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, तेव्हा ऑफिसांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर तुम्ही भंगारात जाऊ दिले नाहीत आणि त्यांवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकलंत, एवढं पोरीने सांगितलं. मला सांगायचंय ते त्या एका संध्याकाळचं.

मी तिला घ्यायला आले होते, दारातच थांबले. तिने माझ्यासाठी पायथन नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला होता. छातीचं माप टाकायचं, त्याचा चौथा भाग काढून शिलाईचा दीड इंच मिळवायचा. तिने ३६ टाकले आणि स्क्रीनवर चूक दाखवणाऱ्या लाल ओळी आल्या. तिने लगेच खुर्ची मागे सरकवली आणि माउस तुमच्यासमोर केला. क्लासची सवय.

तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधलेत. म्हणालात, 'शेवटची ओळ वाच. घाई नाही.'

ती अडखळत, अक्षर-अक्षर जुळवत वाचू लागली. बाजूची मुलं बघत होती. मला वाटलं, आता तरी हे सांगून टाकतील. तुम्ही हलला नाहीत. 'त्या ओळीत एस-टी-आर आहे ना, ते म्हणजे काय शिकलो होतो?' एवढंच विचारलंत. बराच वेळ गेला. मग तीच पुटपुटली, 'म्हणजे मी टाकलेले ३६ याला आकडा वाटलाच नाही, नुसती अक्षरं वाटली?' कीबोर्डवरून आलेलं सगळं पायथन आधी मजकूर म्हणूनच घेतं, त्याचा आकडा आपण करून द्यावा लागतो, हे तिने मला घरी जाताना रस्ताभर समजावलं. तिने ती ओळ दुरुस्त केली आणि स्क्रीनवर १०.५ आलं. साडेदहा इंच. मी रोज टेपने काढते तेच.

भैया, उत्तर तुम्हाला पहिल्या क्षणी दिसलं असणार. ते पोटात ठेवून पोरीसाठी थांबणं, तेही आठवडाभर नोकरी करून रविवारी आल्यावर, हे सोपं नाही. मदत करणारे पुष्कळ भेटतात, हात आखडता घेत नाहीत, फोटोही काढतात. पण घेणाऱ्याला ओशाळं न करता देणारा माणूस विरळाच. माझ्या मुलीला येईल, याची तुम्हाला तिच्याआधी खात्री होती. आम्हा आईबापांनाही तेवढी नव्हती. त्यासाठी तुमचे आभार कसे मानू?

आता ती लाल ओळी आल्या की घाबरत नाही, सरळ शेवटच्या ओळीवर जाते. पुढे कॉम्प्युटरचंच शिकायचं म्हणते. शिकवू.

एक काम मी परस्पर करून टाकलंय. हॉलच्या पश्चिमेच्या खिडक्यांतून दुपारचं ऊन थेट स्क्रीनवर येतं, मुलं डोळे बारीक करून बसतात. जाड कापडाचे पडदे शिवून तयार आहेत. रविवारी थोडं लवकर या, दांडे बसवायचे आहेत.

तुमची,
परदेशीपुऱ्यातली एक आई