जुन्या घरांच्या दलालीलाही कायदा हवा : गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी पिंपरी-चिंचवडमध्ये वकिली करते. बँकेत गृहकर्जाची फाइल आली की त्या मिळकतीचा गेल्या तीस वर्षांचा सर्च (नोंदलेल्या जुन्या दस्तांचा शोध) घ्यायचा आणि टायटल, म्हणजे मालकीहक्क, साफ आहे की नाही याचा रिपोर्ट द्यायचा, हे माझे रोजचे काम. आयुष्यात पहिल्यांदा घर घेणारी माणसे त्यामुळे सतत भेटतात. पण भेटतात ती उशिरा. तोवर टोकन, म्हणजे घर धरून ठेवण्याची आगाऊ रक्कम, देऊन झालेले असते, नातेवाइकांना पेढे वाटून झालेले असतात, भाड्याच्या घराच्या मालकाला नोटीस गेलेली असते. अशा वेळी ‘या घराची कागदपत्रे पुरी नाहीत, थांबा’ असे सांगितले की त्यांना मीच त्यांचे घर मोडणारी वाटते. एजंट मात्र त्यांना आपला वाटतो. त्यानेच चार घरे दाखवलेली असतात, गाडीतून फिरवलेले असते, ‘ताई, काळजी करू नका, मी आहे’ म्हटलेले असते.

पहिल्यांदा घर घेणाऱ्याची मोठी चूक इथेच होते. पिंपरी-चिंचवडच्या रीसेलच्या, म्हणजे जुन्या घरांच्या, व्यवहारांत एकच एजंट बहुतेक वेळा विकणाऱ्याकडूनही पैसे घेतो आणि घेणाऱ्याकडूनही. व्यवहार झाला तरच त्याच्या पदरात काही पडते, मोडला तर त्याचे फिरणे फुकट जाते. घेणाऱ्याने सर्च होईपर्यंत थांबावे, सोसायटीच्या कमिटीला भेटावे, मालकाच्या कर्जाची बाकी विचारावी, यातले काहीच त्याच्या सोयीचे नसते. मी त्याला वाईट ठरवत नाही. त्याचा धंदाच तसा बांधलेला आहे आणि घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

टोकनची पावती आपण कधी पाहिली आहे का? माझ्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याच पावत्या एकाच वळणाच्या असतात. एजंटच्या लेटरहेडवर किंवा पाचशेच्या स्टँपवर फ्लॅट नंबर, ठरलेली किंमत, ‘टोकनपोटी रुपये एक लाख मिळाले’ एवढे लिहिलेले आणि खाली ‘सदर रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत केली जाणार नाही’. सही एजंटची. मालकाची सही नसते, मालकाने एजंटला आपल्या वतीने पैसे घ्यायचा अधिकार दिल्याचा कागद नसतो. कर्ज मंजूर झाले नाही किंवा टायटलमध्ये खोट निघाली तर काय, याबद्दल अक्षर नसते. दोन महिन्यांनी व्यवहार फिसकटला की मालक म्हणतो, मला पैसे मिळालेच नाहीत. एजंट म्हणतो, मी मालकाला दिले. मधल्या मध्ये लाख रुपये जातात. वर्षभर ओव्हरटाइम करून किंवा गावाकडचे किडुकमिडुक मोडून उभे केलेले लाख रुपये असतात ते. त्यासाठी दिवाणी कोर्टात जा असे सांगायला माझीही जीभ रेटत नाही.

आता आपल्या खात्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. घरबांधणी प्रकल्प आणि एजंट यांच्या नियमनाचा २०१६ चा रेरा कायदा आला, २०१७ मध्ये त्याखालचे राज्याचे प्राधिकरण महारेरा सुरू झाले आणि नव्या प्रकल्पांत खरोखर फरक पडला. एजंटला नोंदणी लागते, त्याचा क्रमांक ‘ए’ने सुरू होतो आणि प्रकल्पाचा ‘पी’ने. २०२३ पासून एजंटला प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. ज्यांनी ती दिली नाही अशा हजारो एजंटांची नोंदणी महारेराने स्थगितही केली. जाहिरातीवर क्यूआर कोड आला. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. नोंदणीशिवाय काम करणाऱ्या एजंटला दिवसाला १०,००० रुपये दंड आहे आणि तो घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. हे सगळे चांगले आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

पण त्याच कायद्याचे कलम ९ वाचावे. एजंटला नोंदणीची सक्ती आहे ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पातील घर विकताना. रेरा येण्याआधी पूर्ण झालेल्या इमारतीतले घर एका माणसाने दुसऱ्याला विकले, तर मध्यस्थाला ना नोंदणी, ना परीक्षा, ना क्रमांक. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पालाही नोंदणीतून सूट आहे. चिखली, मोशी, वाल्हेकरवाडी, दिघी अशा भागांत तीन-चार गुंठ्यांवर उभ्या राहिलेल्या इमारती बघा. परवडते म्हणून पहिले घर घेणारा माणूस नेमका तिथे जातो, नाहीतर वीस-पंचवीस वर्षे जुन्या सोसायटीतल्या वन बीएचकेकडे. भाडे आणि हप्ता एकदम भरणे त्याला झेपत नाही, त्याला ताबा लगेच हवा असतो. म्हणजे ज्याला संरक्षणाची गरज सर्वांत जास्त, त्याच्या व्यवहारात एजंटवर कोणाचाच अंमल नाही.

या मोकळ्या जागेत काय काय चालते ते मी फायलींमधून वाचते. एजंट सांगतो ‘साडेनऊशेचा टू बीएचके’, जुन्या करारात कार्पेट, म्हणजे घराच्या आतले वापरायचे क्षेत्रफळ, निघते पावणेसहाशे. रेराने नव्या घरांना कार्पेट क्षेत्रफळ सक्तीचे केले, रीसेलमध्ये अजून जिना-लॉबीसकट फुगवलेले ‘सेलेबल’च बोलले जाते. मालकाला किमतीचा एक आकडा, घेणाऱ्याला दुसरा आणि दोघांची गाठ करारनाम्याच्या दिवशीच. किमतीतला काही भाग ‘कॅशमध्ये द्या, स्टँप ड्युटी वाचेल’ हा सल्ला तर सर्रास दिला जातो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, हे सांगणारा तिथे कोणी नसतो. व्यवहार मोडला तर त्या रोख रकमेचा पुरावाही नसतो. मालक परदेशात राहत असेल तर एक टक्का टीडीएस (घेणाऱ्याने किमतीतून कापून सरकारकडे भरायचा कर) पुरत नाही, त्याहून बराच जास्त कापावा लागतो. तो न कापल्यास आयकर खात्याची वसुली घेणाऱ्याकडून होते. असे प्रकरण आले की मला सगळ्यात वाईट वाटते, कारण त्या माणसाने पैसे पूर्ण दिलेले असतात आणि वर पुन्हा देणे लागते.

सोसायटीच्या ट्रान्सफरचेही तसेच. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे घर नव्या मालकाच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त २५,००० रुपये, हा शासनाचाच २००१ चा निर्णय. तरी ‘कमिटीला लाखभर द्यावे लागतील’ असे एजंट सांगतो आणि घेणारा मुकाट्याने बाजूला काढतो.

माझ्या दृष्टीने सर्वांत घातक वाक्य मात्र वेगळे आहे : ‘रजिस्टर होतंय ना, मग झालं.’ दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणाऱ्याची मालकी खरी आहे की नाही, बांधकाम परवानगीप्रमाणे आहे की नाही, याची हमी तो देत नाही. सामान्य माणसाला मात्र वाटते की सरकारी शिक्का बसला, सरकारने सात टक्के स्टँप ड्युटी आणि वर नोंदणी फी घेतली, म्हणजे सरकारने तपासले. १७ मे २०२५ रोजी आमच्याच शहरात, चिखलीत इंद्रायणीकाठी ३६ बंगले महापालिकेने पाडले. बांधकामाला मनाई असलेल्या, नदीच्या निळ्या पूररेषेत ते बांधलेले होते. हरित लवादाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला होता. कायद्याने ते बरोबरच झाले. पण त्या कुटुंबांकडे खरेदीखते होती. पूररेषा कुठून जाते, देहूरोडच्या दारूगोळा भांडाराभोवतीचा रेड झोन (बांधकामबंदीचा पट्टा) कुठे संपतो, हे विकास आराखड्याच्या नकाशावर दिसते. मिळकत दाखवणाऱ्या एजंटवर तो नकाशा दाखवण्याची सक्ती आज कुठेही नाही.

कल्याण-डोंबिवलीच्या ६५ इमारतींचे प्रकरण तर आपणास ठाऊकच आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून त्यांना महारेराचे क्रमांक मिळाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितले. तिथल्या लोकांनी क्रमांक पाहूनच घरे घेतली होती. म्हणून ‘ग्राहकाने सावध राहावे’ एवढ्यावर हा विषय सोडून देता येणार नाही. सावध राहून काय बघायचे ते त्याला कळत नाही आणि जे बघायला सांगितले ते त्याने बघितले तरी पुरले नाही. ज्याचा धंदाच घरे दाखवण्याचा आहे, दिवसाकाठी ज्याच्या हातून असे कागद जातात, त्याच्यावर काही जबाबदारी टाकायला नको का?

राज्याला हे करता येईल का, असा प्रश्न आपले अधिकारी उपस्थित करतील. पश्चिम बंगालचा गृहनिर्माण कायदा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, पण तो रेराच्याच विषयावर रेराला समांतर असा केलेला कायदा होता. मी मागते आहे ते रेरा जिथे थांबतो तिथून पुढचे. मालमत्तेचे हस्तांतरण आणि दस्तनोंदणी हे समवर्ती सूचीतले विषय आहेत. हरियाणाने तर मालमत्ता दलालांच्या परवान्यासाठी २००८ मध्येच स्वतंत्र कायदा केला. आणि फ्लॅट खरेदीदारासाठी मोफासारखा कायदा १९६३ मध्ये करणारा महाराष्ट्र या बाबतीत मागे का असावा?

माझी पहिली मागणी परवान्याची. घराच्या खरेदी-विक्रीत पैसे घेऊन मध्यस्थी करणाऱ्या प्रत्येकाला, घर नवे असो वा जुने, मोठ्या प्रकल्पातले असो वा आठ सदनिकांच्या इमारतीतले, परवाना लागावा. महारेराचे प्रशिक्षण आणि परीक्षेची यंत्रणा तयारच आहे, तीच वाढवता येईल.

दुसरी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एजंटने व्यवहाराच्या पैशाला हात लावू नये. टोकन असो, बयाणा असो, उरलेली रक्कम असो, ती घेणाऱ्याच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात जावी आणि पावतीवर मालकाची सही असावी. कर्ज नामंजूर झाले किंवा टायटलमध्ये दोष निघाला तर किती दिवसांत किती परत, हे पावतीच्या छापील नमुन्यात असावे. नव्या घरांच्या वाटपपत्रात महारेराने अशी पद्धत घालून दिलीच आहे : पंधरा दिवसांत बुकिंग रद्द केले तर काहीच कापायचे नाही आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने जास्तीत जास्त दोन टक्के. तोच विचार रीसेललाही लावावा. सिंगापूरमध्ये घरविक्रीच्या एजंटला व्यवहाराची रक्कम हाताळायला बंदी आहे आणि एकाच व्यवहारात दोन्ही बाजूंचे काम करायलाही. दुसरी गोष्ट आपल्याकडे एकदम जमणार नाही, हे मला समजते. पण दोन्हीकडून दलाली घेत असेल तर ती किती आणि कोणाकडून, हे टोकन देण्याआधी लेखी सांगणे एवढे तरी सक्तीचे करावे.

आणि खरेदीखतात, जिथे साक्षीदारांची नावे येतात तिथेच, एजंटचा परवाना क्रमांकही यावा. मध्यस्थ नसेल तर तसे लिहावे. नोंदणी विभाग महसूल खात्याकडे आहे, म्हणून यासाठी दोन्ही खात्यांना एकत्र बसावे लागेल. दस्तात नाव आले की तक्रार कोणाविरुद्ध करायची हा प्रश्न उरणार नाही. आज एजंट मोबाइल नंबर बदलतो आणि विषय संपतो.

चांगले एजंट आहेत, मी त्यांच्यासोबत काम करते. मालकाची बाकी आधी विचारून येणारे, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) आणि भोगवटा प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय घर न दाखवणारे, ‘मॅडमचा रिपोर्ट येऊ द्या, मग टोकन’ असे गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगणारे. पण त्यांचे गिऱ्हाईक ‘आजच टोकन द्या, दुसरी पार्टी उभी आहे’ म्हणणारा पळवून नेतो. परवान्याची मागणी त्यांच्यातलेही काही जण माझ्याकडे करतात.

आपल्या सरकारने २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे. ती घरे बांधून होतील तेव्हा होतील. तोपर्यंत लोक आहे ती जुनी घरे विकत घेत राहणार आहेत, आजही घेत आहेत. म्हणून नव्या घरांची वाट न बघता हा विषय येत्या अधिवेशनात घ्यावा ही विनंती. मसुदा करून हरकती-सूचना मागवल्यात, तर टोकनच्या पावत्यांचे नमुने, पक्षकारांची नावे झाकून, इथले आम्ही काही वकील आपल्या कार्यालयात आणून द्यायला तयार आहोत.

आपली नम्र,
एक वकील, पिंपरी-चिंचवड