पानाच्या अर्काची बातमी छापताना एवढं तरी विचारा

मा. संपादक साहेब,
स.न.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर बातमी होती, कॉलेजच्या मुलांनी सदाफुलीच्या पानांचा अर्क काढला आणि तो म्हणे 'शुगरवर रामबाण'. मुलांचं कौतुक आहेच, पण ते हेडिंग वाचून आमच्या सोसायटीतल्या दोघातिघांनी सकाळी उपाशीपोटी पानं चावायला सुरुवात केलीय, त्यातल्या एक आजी तर गोळी बंद करायच्या गोष्टी करतायत, म्हणून लिहितोय.

मी फार्मसी कॉलेजच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो, आता रिटायर झालोय. हा अर्क म्हणजे काय ते सांगतो. पानं सावलीत वाळवायची, भरड कुटायची, सॉक्सलेटमध्ये (अर्क काढायचं काचेचं उपकरण) भरून मेथॅनॉलने, म्हणजे एका विषारी अल्कोहोलने, तासन्‌तास काढायची, मग मेथॅनॉल उडवलं की तळाला काळपट हिरवा चिकट गोळा उरतो, डांबरासारखा, धुता धुता ब्रश खराब होतो. त्यातलं चिमूटभर डीपीपीएच नावाच्या जांभळ्या टेस्टच्या रसायनात टाकलं की रंग पिवळा पडतो आणि मुलं ओरडतात, काका, अँटिऑक्सिडंट निघालं! अरे बाबांनो, पिवळा तर कँटीनच्या चहानेही पडतो. शुगरची टेस्टही बहुतेक वेळा अशीच, टेस्ट ट्यूबमध्ये स्टार्च, तो पचवणारं एन्झाइम आणि वरून अर्क, एन्झाइम थंडावलं की रिझल्ट पॉझिटिव्ह. आता टॅनिन (पानांतलं तुरट द्रव्य) भरपूर असलेली कितीतरी पानं एन्झाइमला चिकटून हेच करतात, त्यात सदाफुलीचं विशेष काय? आणि लॅबमध्ये मेथॅनॉल वापरलं, घरी लोक पाण्यात उकळणार किंवा नुसतं चावणार, म्हणजे पोटात जाणार ती वस्तूच वेगळी.

सदाफुलीची तर गंमतच आहे (गंमत कसली म्हणा). 1950 च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर या शास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं, जमैकात लोक शुगरसाठी या पानांचा चहा पितात म्हणून तिथून पानं मागवली. उंदरांना अर्क तोंडाने दिला, शुगर हलली नाही. मग टोचून दिला तर उंदीर इन्फेक्शनने मरायला लागले, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झालेल्या. त्याच धाग्यावरून 1958 मध्ये व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध निघालं, पुढे व्हिनक्रिस्टिन आलं, आज लहान मुलांच्या ल्युकेमियात ते वापरतात, पण शिरेतून, मोजून, डॉक्टरच्या नजरेखाली. एवढी जहाल औषधं ज्या पानातून निघतात ते पान 'नॅचरल आहे, काही होत नाही' म्हणून रोज खायचं?

झाडपाल्याला माझा विरोध नाही हो, अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच पुढे खोकल्याचं ब्रोमहेक्झिन तयार झालं. पण कोरोनात गुळवेलीचं काय झालं आठवा. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, त्यावर आयुष मंत्रालय म्हणालं की वनस्पती नीट ओळखलेलीच नाही, दिसायला तशीच दुसरी जात असू शकते. दोघांत कोण बरोबर ते जाऊ द्या, पण काढा पिणाऱ्याला तरी कुठे माहीत होतं आपण नेमकं काय पितोय! म्हणून तर कॉलेजं पुण्याच्या आघारकर इन्स्टिट्यूटकडून नाहीतर बॉटनिकल सर्व्हेकडून (वनस्पतींची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) झाड तपासून आणतात. तुमच्या बातमीत त्याचा उल्लेखच नाही.

मधुमेह किंवा कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तेच वाक्य बातमी म्हणून छापलं की लोक जाहिरातीपेक्षा जास्त विश्वास ठेवतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर विनंती एवढीच, अशी बातमी आली की वार्ताहराला विचारायला लावा की टेस्ट कशावर केली, ट्यूबमध्ये, उंदरावर की माणसांवर, अर्क कशात काढला, झाड कोणी ओळखून दिलं, आणि माणसांवर झालीच नसेल तर हेडिंगमध्येच तसं लिहा. आणि त्या सदाफुलीच्या बातमीचा खुलासा याच आठवड्यात टाका, त्याच पानावर, त्याच साइजमध्ये, कोपऱ्यात नको.

आपला,
एक जुना वाचक