जखमांची नोंदवही कुठे आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुरक्षेचा कार्यक्रम म्हटला की फलक, शपथ आणि तासाभराचे व्याख्यान एवढेच बहुतेक ठिकाणी होते. फोटो निघतात, टाळ्या पडतात, आणि ज्या जिन्यावर गेल्याच महिन्यात दोघे घसरून पडले तो जिना होता तसाच राहतो. लोकांना सावध राहा म्हणून सांगू नये असे आमचे म्हणणे नाही. पण आधी इजा कुठे आणि कशा होतात ते लिहून काढावे, मग त्या जागा दुरुस्त कराव्यात आणि बोलायचे ते त्यानंतर बोलावे, एवढाच आमचा आग्रह आहे.

हा क्रम काही नवा नाही. स्वीडनमधील फाल्शोपिंग या छोट्या गावात १९७० च्या दशकाच्या अखेरीस असे काम उभे राहिले. तिथे दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक जखमीची नोंद सुरू झाली आणि त्या नोंदींवरून कोणत्या कामाला आधी हात घालायचा ते ठरले. पुढे १९८९ मध्ये स्टॉकहोमला भरलेल्या इजा-प्रतिबंधाच्या जागतिक परिषदेत ‘सुरक्षित समुदाय’ ही कल्पना, म्हणजे वस्तीने मिळून आपल्या इजा कमी करण्याची, जाहीरनाम्याच्या रूपाने मांडली गेली.

नोंदवहीला खर्च जवळपास नाही, पण ती नेमकी हवी. ‘पडून दुखापत’ या दोन शब्दांतून काहीच हाती लागत नाही. वय, दिवस, वेळ, नेमकी जागा, त्या क्षणी माणूस काय करत होता, कोणत्या वस्तूमुळे लागले, काय लागले आणि कोणते उपचार झाले, एवढे रकाने पुरतात. नाव-पत्ता लिहूच नये. त्याची गरज नसते आणि त्याने लोक बिचकतात. ‘पहाटे ५, जिन्याची शेवटची पायरी, उतरताना, दोन्ही हातांत बादल्या, दिवा बंद, मनगट मोडले’ अशी एक ओळ घ्या. दिव्याचे बटण जिन्याच्या एकाच टोकाला आहे का, पाणी वरून खाली न्यावे का लागते, शेवटची पायरी बाकीच्यांसारखी आहे का, हे तिन्ही प्रश्न त्या एका ओळीतच आहेत. हाडे जोडणारे, मलमपट्टी करणारे, औषध विकणारे आणि शाळेतले शिक्षक या सगळ्यांकडून नोंदी गोळा कराव्यात. फक्त मृत्यू मोजले तर छोट्या वस्तीत वर्षाला एखाद-दुसरा आकडा मिळतो आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

इथे एक गोष्ट आधीच सर्वांना सांगून ठेवावी. नोंदवही सुरू झाली की पहिल्या वर्षी इजा वाढल्यासारख्या दिसतात. त्या वाढलेल्या नसतात, पूर्वी कुणी लिहीत नव्हते. हे माहीत नसल्यामुळे चांगले चाललेले काम अपयशी ठरवून बंद पाडले जाते. म्हणून इजांबरोबर धोकेही मोजावेत: किती जिन्यांना कठडा नाही, किती खिडक्यांना गज नाहीत. हे आकडे सहा महिन्यांत खाली आणता येतात आणि काम पुढे सरकते आहे की नाही ते त्यावरून लगेच कळते.

वेळेच्या रकान्याची ताकद बांगलादेशात दिसली. तिथे पाण्यात बुडणारी लहान मुले बहुतांशी सकाळी बुडत होती, मोठी माणसे कामात असताना. उपाय त्यातूनच निघाला: १ ते ४ वर्षांच्या मुलांना सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत सांभाळणारी गावातलीच केंद्रे. ‘मुलांकडे लक्ष द्या’ असा फलक लावून कामात गुंतलेल्या आईला मोकळा वेळ मिळाला नसता.

जिन्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नोंदवहीत त्याचे नाव पुन्हा पुन्हा येते. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय उंचीचा अंदाज घेतो आणि पुढे माणूस न पाहता चालतो. पायरीच्या कडेवरून पाऊल फार थोड्या अंतराने जाते, त्यामुळे मधलीच एखादी पायरी सेंटिमीटरभर उंच असली तरी ठेच लागते. उतरताना एखादी पायरी खोल निघाली तर तोल जातो. असा फरक बहुधा सर्वांत वरच्या किंवा सर्वांत खालच्या पायरीत सापडतो. जिना आधी बांधला जातो, फरशी नंतर बसते, आणि तिची जाडी कुणी हिशेबात धरलेली नसते. टेपने प्रत्येक पायरीची उंची मोजा. १५ ते १८ सेंटिमीटर उंची आणि पाऊल ठेवायला २५ ते ३० सेंटिमीटर जागा असावी, आणि लागोपाठच्या दोन पायऱ्यांत ५ मिलिमीटरहून अधिक फरक नसावा. जिना तोडणे शक्य नसेल तर प्रत्येक पायरीच्या कडेला ४ ते ५ सेंटिमीटर रुंद, न घसरणारी आणि उठून दिसणाऱ्या रंगाची पट्टी लावावी. दिव्याचे बटण वर आणि खाली दोन्हीकडे हवे. कठड्याचा हातदांडा ९० ते १०० सेंटिमीटर उंचीवर, गोल, साडेतीन-चार सेंटिमीटर जाडीचा आणि भिंतीपासून पाच सेंटिमीटर सुटा असावा. रुंद सपाट फळीवर हात नुसता टेकतो, तोल गेल्यावर ती मुठीत येत नाही. दांडा शेवटच्या पायरीपुढे ३० सेंटिमीटर काढावा. तो अलीकडेच संपला की हाताला वाटते जिना संपला, आणि पाय मात्र अजून एक पायरी वर असतो.

खिडक्यांबाबत न्यूयॉर्कचे उदाहरण बोलके आहे. १९७२ मध्ये तिथे लहान मुले असलेल्या घरांना खिडकीचे गज मोफत देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. ब्रॉन्क्स भागात दोनेक वर्षांत खिडकीतून पडण्याच्या घटना निम्म्यावर आल्या आणि १९७६ मध्ये घरमालकांना गज बसवणे बंधनकारक झाले. गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. डासांची जाळी मुलाचे वजन पेलत नाही, ती गजांच्या जागी धरू नये. पलंग आणि खुर्च्याही खिडकीपासून दूर सरकवाव्यात. आगीच्या वेळी बाहेर पडायची खिडकी असेल, तर तिचे गज मोठ्या माणसाला आतून उघडता आले पाहिजेत.

नुसते वाटप करून मात्र भागत नाही. लंडनमधील एका मोठ्या चाचणीत २० हजारांहून अधिक धुराचे अलार्म घरोघर मोफत दिले गेले. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले: आगीतल्या इजा कमी झाल्या नाहीत, कारण बरेच अलार्म बसवलेच गेले नव्हते किंवा चालू स्थितीत नव्हते. म्हणून घरभेटीला जाणाऱ्या दोघा कार्यकर्त्यांच्या पिशवीत पत्रकांपेक्षा ड्रिल, स्क्रू, प्लग, टेप आणि पट्ट्या असाव्यात. वस्तू त्याच भेटीत बसवून, चालवून दाखवावी आणि महिन्याभराने पुन्हा जाऊन पाहावी. अलार्म शेगडीपासून किमान ३ मीटर दूर लावावा. जवळ लावला तर रोजच्या वाफेने वाजतो, आणि घरचे लोक वैतागून सेल काढून ठेवतात.

गरम पाण्याचे गणित लोकांना आकड्यांत सांगावे. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी साधारण ५ सेकंदांत खोलवर भाजते, लहान मुलाची त्याहून लवकर. म्हणून बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम. भाजलेच तर नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावे. बर्फ आणि टूथपेस्ट लावू नये.

ज्येष्ठांसाठी व्याख्यानाऐवजी व्यायामाचा वर्ग घ्यावा. तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. हात न टेकता खुर्चीतून उठणे, टाच-बोट जोडून सरळ रेषेत चालणे, आधाराला खुर्ची धरून एका पायावर उभे राहणे, हे आठवड्यातून तीनदा आणि महिनोन्महिने चालले पाहिजे. दोन आठवड्यांच्या शिबिराने पायांत ताकद येत नाही. त्याच वर्गात प्रत्येकाला आपल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवायला सांगावे, कारण झोपेच्या गोळ्या आणि उभे राहिल्यावर रक्तदाब उतरवणारी औषधे रात्रीच्या पडण्यामागे अनेकदा असतात.

फाल्शोपिंगचा पुढचा भागही सांगायला हवा. सुरुवातीला इजा स्पष्टपणे घटल्या, पण पुढे कामाचा जोर ओसरला आणि आकडे पुन्हा चढले. म्हणून ज्या संस्थेला असा कार्यक्रम सुरू करायचा असेल तिने पहिल्याच बैठकीत नोंदवही कोण लिहिणार ते ठरवावे. त्या व्यक्तीला त्याचा मोबदला द्यावा आणि तिच्या गैरहजेरीत लिहिणारी दुसरी व्यक्तीही त्याच दिवशी तयार करायला घ्यावी. दर तीन महिन्यांनी नोंदी उघडून, सर्वाधिक वेळा आलेली एकच जागा निवडून तिच्या दुरुस्तीची तारीख वहीतच लिहावी.

आपले,
वस्तीपातळीवर इजा-प्रतिबंधाचे काम करणारे कार्यकर्ते