काकी, ब्रश उचलायला तुम्ही शिकवलंत

ती. स्व. काकींना साष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही मला काय दिलंत ते चार लोकांना कळावं असं मनापासून वाटतं. कुडाळला मी लग्नामुंजीचे पाट रंगवून देते. पूर्वी सगळं स्टेन्सिलवर चालायचं. आता वेल, पानं, कळ्या थेट ब्रशनं उतरतात, आणि ते सावंतवाडीला तुमच्या ओटीवर बसून शिकलेलं आहे.

गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते, शिकायला आले तेव्हा तुम्ही देव काढायला दिलेच नाहीत, मासे दिलेत. दशावतारी गंजिफांचे १२० गोल पत्ते, प्रत्येक अवताराचे १२: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं, ज्यांवर आकड्याइतकी त्या अवताराची चिन्हं काढायची. म्हणजे एकट्या मत्स्याच्या त्या दहा पानांवर मिळून ५५ मासे, आणि सगळे एका वळणाचे हवेत! हात बसायला याहून चांगला सराव मला तरी माहीत नाही.

ब्रश भिजवून फडक्यावर टिपायचा. रंग केसांच्या अर्ध्यापर्यंतच घ्यायचा आणि बशीच्या कडेला फिरवून टोक काढायचं. मग ब्रश टेकवून दाबायचा, केस पसरले की ओढायचा आणि ओढता ओढता हलका करत टोकावर आणायचा. दाबणं कुणालाही जमतं, उचलणं मात्र शिकवावं लागतं. माझं मनगट दोन बोटांत धरून, फटकाऱ्याची शेपटी निमुळती होऊन संपेपर्यंत तुम्ही सोडलं नाहीत. "बोटांनी नको गो, हात ओढ," एवढंच म्हणायचात. असा एक फटकारा म्हणजे माशाचं अंग, दोन छोटे म्हणजे त्याची शेपटी. तोच लांबवला की पान, पाच जवळ आणले की फूल. माझ्या पाटांवरची सगळी नक्षी एवढ्यावरच उभी आहे.

बारीक रेघेसाठी करंगळी टेकवायची, ब्रश उभा धरायचा, रंग दुधाइतका पातळ ठेवायचा. तेही तुमचंच. आणि काम संपल्यावर ब्रश धुऊन, केस बोटांनी जुळवून, आडवा ठेवायचा. मी तो पाण्याच्या पेल्यात उभा ठेवलेला तुम्हाला कधी चालला नाही.

सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही बुडत चाललेली कला राजवाड्यात पुन्हा उभी केली. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तुमच्याइतकाच मलाही आनंद झाला. पण दारात आलेल्या अनोळखी बाईला बसवून घेऊन तिचा हात तयार करणं, हे तुमच्यासारखी माणसं करतात म्हणून राजवाड्याबाहेरही ही कला चालू आहे. फी विचारली की तुम्ही म्हणायचात, "आधी मासे दाखव." त्या शब्दांनी मला किती धीर दिला, हे तुमच्यासमोर कधी बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

दिवाळीनंतर येतेय. परशुरामाच्या पानांवरचे परशू सुरू केलेत. चपट्या ब्रशची धार टेकवायची, मध्ये दाब द्यायचा आणि परत धारेवर यायचं, हे कळलंय. पण पात्याचा बाक दोन्हीकडे सारखा येण्यासाठी तुमच्या शेजारी बसूनच काढावा लागेल. रंग मी घेऊन येते.

तुमची,
कुडाळची विद्यार्थिनी